फ्रिडोलिनचं अभ्यंग

फ्राऊ आयझेलेंनी त्यांचा कुत्रा आमच्या हवाली केला, तेव्हा त्याच्यासोबत एक गादी, एका पिशवीत दोन पट्टे, एक ब्रश, औषधाचं एक खोकं, तीन आठवड्यांचं खाणं आणि टाइप केलेले दोन कागद दिले. कागदांवर सूचना होत्या. पहिल्या कागदावर एक ते चौदा आणि दुसऱ्यावर एकोणतीस ते एक्केचाळीस. मधल्या चौदा सूचना कुठे गेल्या, हा प्रश्न निदान मला तरी पडायला हवा होता. कारण मी बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली अकरा वर्षं लोकांना ‘आधी डॉक्युमेंटेशन नीट वाचा’ असं सांगण्याचंच काम करतो. पण नाही पडला. मला वाटलं, बाईंनी पुन्हा वाचताना काही मुद्दे गाळले असतील. जर्मन बाई मुद्दे गाळेल आणि आकडे तसेच ठेवेल, असं वाटणं ही या सगळ्या प्रकरणातली माझी पहिली चूक.

फ्राऊ आयझेले आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय त्र्याहत्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता तीन आठवडे ‘रेहा’, म्हणजे डोंगरातल्या कुठल्याशा आरोग्यधामात राहून व्यायाम. “तुमच्याकडे मांजर आहे, हेर घैसास, म्हणजे तुम्हाला प्राण्यांतलं कळतं,” त्या म्हणाल्या. (इथे बाईंना ‘फ्राऊ’ आणि पुरुषांना ‘हेर’ म्हणतात.) आमचं मांजर म्हणजे चकली. ती चार वर्षांत घराबाहेर पडलेली नाही आणि तिच्यातलं मला काहीही कळत नाही. पण कुणी तोंडावर कौतुक केलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही.

कुत्र्याचं नाव फ्रिडोलिन. जातीचा डॅशहुंड. म्हणजे लांबीला भरपूर आणि उंचीला जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी चकली त्याच्यावर फिसकारली, दुसऱ्या दिवशी तिने त्याची गादी हुंगली आणि तिसऱ्या दिवसापासून ती त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपू लागली. आमच्या घरात एवढ्या लवकर कुणाचं कुणाशी जमल्याचं मी पाहिलेलं नाही.

घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो. माझी बायको, कादंबरी, तिच्या कंपनीच्या स्टॉलवर हॅनोव्हरच्या प्रदर्शनात दहा दिवस अडकली होती. मी, दहा वर्षांची अन्वी (हिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं) आणि तीन महिन्यांसाठी मिरजेहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाईंचं नाव अहिल्याबाई. त्या मला ‘प्रसन्नराव’ म्हणतात. पण त्या ‘राव’मध्ये आदर किती आणि निरीक्षण किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

चौथ्या दिवशी जंगलातून फिरून आल्यावर फ्रिडोलिनच्या कानामागे राखाडी मण्यासारखं काहीतरी हाताला लागलं. मण्याला पाय होते.

“अहो, ही तर गोचीड!” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या माहेरी म्हशींच्या कानात अशा भरलेल्या असायच्या.”

अन्वीने शाळेत शिकवल्याप्रमाणे चिमट्याने ती अलगद काढली, “त्सेके”, म्हणजे गोचीडच, एवढंच म्हणाली आणि पुन्हा गृहपाठाला बसली. विषय इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी स्नेहलताचा व्हिडिओ कॉल आला.

स्नेहलता ही कादंबरीची मावसबहीण. ती ब्रिस्बेनला असते आणि वाईट बातमी सांगताना तिचा चेहरा उजळतो.

“गोचीड? भावजी, हलक्यात घेऊ नका हं. इथे पॅरालिसिस टिक असते. आमच्या शेजाऱ्यांचा लॅब्राडोर! आधी त्याचं भुंकणं बदललं, घोगरं झालं. मग मागचे पाय गेले. मग श्वास लागला. नशीब, वेळेवर नेला.”

“आधी भुंकणं, मग मागचे पाय,” मी लिहून घेतलं.

रात्रीच्या जेवणाआधी मी कादंबरीला फोन लावला. ती म्हणाली, “अरे प्रसन्न, ती गोचीड ऑस्ट्रेलियात असते. जर्मनीत नसते.”

“पंधरा वर्षांपूर्वी मीसुद्धा जर्मनीत नव्हतो,” मी म्हणालो. त्यावर तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी फ्रिडोलिनची सकाळ-संध्याकाळ तपासणी सुरू केली. नाकापासून शेपटीपर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट. डॅशहुंड गवतावरून चालत नाही, गवतातून पोहत जातो. त्यामुळे जंगलातल्या प्रत्येक गोचिडीला तो दारात येऊन उभ्या राहिलेल्या बससारखा वाटत असणार. तपासणीला तो सुरुवातीला खूश होता. तिसऱ्या दिवशी मला पाहिलं की तो सोफ्याखाली जाऊ लागला.

ही गोष्ट इमारतीत पसरली. तळमजल्यावरचे हेर क्नाप एका संध्याकाळी वर आले. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर गिअरबॉक्स केले, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू नीट बसवली की चालते, असा त्यांचा विश्वास. त्यांनी अंबरच्या, म्हणजे झाडाच्या जुन्या राळेच्या, मण्यांची माळ आणली होती.

“आमच्या रेक्सने ही तेरा वर्षं गळ्यात घातली. एक त्सेके लागली नाही.”

“मग तो कशाने गेला?” मी विचारलं.

“ट्रॅक्टर,” हेर क्नाप म्हणाले.

ती माळ घालून फ्रिडोलिन मुंजीला आलेल्या श्रीमंत आत्यासारखा दिसू लागला. सासूबाईंना मात्र मण्यांवर भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, खोबरेल. अंगाला खोबरेल असलं की गोचीड चिकटतच नाही, घसरते. मी इंटरनेटवर पाहिलं, तर इथले कुत्रेवालेही अगदी हेच सांगत होते. जर्मन लोक आणि माझ्या सासूबाई यांचं एकमत झालेली ही माझ्या माहितीतली पहिलीच गोष्ट. त्यापुढे माझा काय पाड लागणार?

शनिवार उजाडला. सूचना क्रमांक नऊ: ‘शनिवारी संध्याकाळी गोचिडीचे थेंब मानेवर, केस बाजूला करून, त्वचेवर.’ मी हात धुतले, चष्मा पुसला आणि ऑपरेशन करणाऱ्या माणसाच्या गांभीर्याने ती छोटी नळी फ्रिडोलिनच्या मानेवर रिकामी केली. चकलीला थेंब टाकले नाहीत. ती बाहेर जात नाही आणि औषध कुत्र्याचं आहे, एवढी अक्कल मला होती. त्या अकलेचा मला नंतर बराच वेळ अभिमानही वाटत होता.

रविवारी सकाळी मी उठून पाहतो तो सासूबाई बाल्कनीत पाटावर बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर फ्रिडोलिन उताणा. वाटीत कोमट खोबरेल. कादंबरीच्या बाळंतपणात अन्वीला ज्या हाताने मालिश केलं होतं, त्याच हाताने त्याचं चाललं होतं. पाठ, पोट, चारही पाय, तळवेसुद्धा.

“तळवे कशाला, आई?”

“डोळ्यांना थंडावा मिळतो,” त्या म्हणाल्या.

फ्रिडोलिनने डोळे मिटले होते. आमच्याकडे आल्यापासून एवढा सुखी मी त्याला पाहिला नव्हता. मग दहा वाजता चर्चच्या घंटा सुरू झाल्या. या घंटांशी त्याचं काहीतरी जुनं वैर आहे. तो बाल्कनीच्या कठड्याशी उभा राहून वीस मिनिटं त्यांना उत्तर देत होता. अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि तो बैठकीतल्या लॅमिनेटच्या चकचकीत जमिनीवरून धावत निघाला.

मध्यावर त्याचे मागचे पाय गेले.

गेले म्हणजे पार पसरले. तो उठला, पुन्हा पसरले. त्याने माझ्याकडे बघून भुंकायचा प्रयत्न केला, तर घशातून फक्त फाटलेल्या भोंग्यासारखा आवाज आला. घोगरा! मी माझं टिपण आठवलं. भुंकणं, मग मागचे पाय. पुढचा मुद्दा श्वासाचा होता.

मी रविवारच्या तातडीच्या पशुवैद्यांना फोन लावला. पलीकडे एक बाई.

“आपलं नाव?”

“घैसास.”

“गाइस?”

गाइस म्हणजे जर्मनमध्ये शेळी. हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, बहुधा सभ्यपणामुळे.

“आम्ही इथे फक्त लहान प्राणी बघतो. शेळीसाठी तुम्हाला मोठ्या जनावरांच्या डॉक्टरांकडे...”

“शेळी मी आहे!” मी ओरडलो. “लकवा कुत्र्याला झालाय!”

अन्वीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाई म्हणाल्या, “या.”

फ्रिडोलिनला सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं. लुगडं लगेच तेलकट झालं. सासूबाई चकलीपाशी घरी राहिल्या आणि मी अन्वीला घेऊन निघालो. दवाखाना गाडीने दहा मिनिटांवर. मी वाटेत तीनदा मागे वळून “श्वास चालू आहे का?” विचारलं. अन्वी तिन्ही वेळा “या, पापा” म्हणाली. हे ‘या’ जर्मनमधलं, होकाराचं. पण त्या परिस्थितीत मला ते मराठीतलं बोलावणंच वाटत होतं.

काउंटरवर तीच बाई. “कुत्रा तुमचा?”

“शेजारणीचा.”

“मग फोलमाख्ट?” म्हणजे मालकिणीने दिलेलं अधिकारपत्र. ते नसेल तर मालकिणीला फोन करून, ईमेल मागवून, तो छापून...

“कुत्रा मरतोय हो!” मी म्हणालो. बाईंनी काउंटरवरून वाकून पाहिलं. फ्रिडोलिन माझ्या हातावरून तिथली बिस्किटांची बरणी चाटायचा प्रयत्न करत होता.

मी घाईघाईत सूचनांचे दोन्ही कागद पुढे केले. बाईंनी पहिला कागद वाचला आणि उलटला. मी तो कधीच उलटला नव्हता. मागे टाइप केलेला दुसरा भाग होता, पंधरा ते अठ्ठावीस.

“बाविसावी सूचना,” बाई म्हणाल्या. “अधिकारपत्र पट्ट्यांच्या पिशवीत आहे.” पिशवी माझ्या खांद्याला होती. अधिकारपत्र तिच्यातच होतं, प्लॅस्टिकच्या खोळीत, सहीसकट. मला कुठेतरी गडप व्हावंसं वाटलं, पण तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं आणि कागद अन्वीच्या हातात राहिले.

डॉक्टर ब्रेंडले म्हणजे पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, शांत बाई. मी त्यांना ब्रिस्बेनच्या लॅब्राडोरपासून सगळं सांगितलं. त्यांनी फ्रिडोलिनला हुंगलं.

“याला नाताळच्या नारळी बिस्किटांचा वास का येतोय?”

मी अभ्यंग समजावून सांगितलं. जर्मनमध्ये अभ्यंगाला शब्द नाही. मी ‘सणासुदीचं वंगण’ अशा अर्थाचं काहीतरी बोललो असणार. डॉक्टरांनी फ्रिडोलिनचे तळवे कागदाने पुसले आणि त्याला खाली रबरी चटईवर ठेवलं. तो उभा राहिला. चालला. कोपऱ्यातल्या वजनकाट्याला वळसा घालून परत आला आणि शेपूट हलवत बसला.

“तुमच्या घरी जमीन कसली आहे?”

“लॅमिनेट,” मी म्हणालो आणि माझ्या सगळं लक्षात आलं.

“आणि आवाज?”

“चर्चच्या घंटा,” अन्वीने जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टर हसल्या, ती हसली, काउंटरवरची बाई दारातून डोकावून हसली. मीही हसलो. स्वाभिमान दुखावला होता, पण कुत्रा जिवंत होता आणि फ्राऊ आयझेलेंना तोंड दाखवता येणार होतं.

“बाकी काही दिलंय का त्याला?” डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

“काल संध्याकाळी गोचिडीचे थेंब. हे बघा.” मी फोनमधला खोक्याचा फोटो दाखवला.

त्यांचं लिहिणं थांबलं. “हे दिल्यावर तेल चोळलंत? सगळ्या अंगाला? घरात मांजर तर नाही ना?”

मी काही बोलायच्या आत अन्वी हातातल्या कागदाच्या मागच्या बाजूवरून वाचू लागली. आवाज बारीक झाला होता. सूचना क्रमांक पंधरा. थेंब टाकल्यावर दोन दिवस मांजराला फ्रिडोलिनजवळ येऊ देऊ नका. हे औषध मांजरासाठी विष आहे. त्याला माझ्या घरात झोपवा, किल्ली पिशवीत आहे. ‘विष’ शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली होती.

मी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, चकली काय करतेय?”

“काही नाही हो. कालपासून त्याच्या गादीवरच आहे. मघाशी त्याला चाटत होती, तेलाची गोडी लागली वाटतं. आता मात्र जरा कान फडफडवतेय. पाठीची कातडी थरथरतेय, माशी बसल्यासारखी. लाळही गळतेय थोडी. प्रसन्नराव, फ्रिडोलिन कसा आहे?”

मी हे डॉक्टरांना सांगितलं. “लगेच धुवा,” त्या म्हणाल्या. “कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. सगळं तेल निघालं पाहिजे. मग टॉवेलात गुंडाळून सरळ इथे आणा. एक मिनिटही घालवू नका.”

हे मला सासूबाईंना सांगायचं होतं. मी “आई, चकलीला...” एवढं म्हणालो आणि पुढचे शब्द जुळवत बसलो. एका बहात्तर वर्षांच्या बाईला, पाण्याच्या थेंबाने पडदे फाडणाऱ्या मांजराला एकटीने आंघोळ घालायला सांगायचं होतं. अन्वीने माझ्या हातातून फोन घेतला.

“आजी,” ती मराठीत म्हणाली, “ऐक. घाबरू नको. चकलीला बाथरूममध्ये घे. पाणी कोमट. भांड्याचा साबण लाव, सगळीकडे. डोळ्यात नको. ती चावेल. चावू दे. सोडू नको तिला.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग सासूबाई म्हणाल्या, “बरं, बाळा. फोन चालूच ठेव.”

फ्रिडोलिनला दवाखान्यातच ठेवून आम्ही घरी निघालो आणि गाडीत ती सगळा वेळ बोलत होती. कुठे चोळायचं, किती वेळ, पुन्हा पाणी घाल. तिचं व्याकरण लंगडत होतं, पण एकही शब्द अडला नाही. फोनमधून पाण्याचा आवाज, काहीतरी पडल्याचा आवाज आणि मांजराच्या घशातून येऊ नये असा चकलीचा आवाज येत होता. मग अचानक पुरुषाचा आवाज आला.

आम्ही जिना चढून आत शिरलो, तर बाथरूममध्ये हेर क्नाप गुडघ्यांवर बसलेले. रविवारचा इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत भिजलेला आणि मनगटावर चार लांब ओरखडे. ते आवाजाची तक्रार करायला वर आले होते. रविवारी दुपारी इमारतीत शांतता पाळायची असते आणि त्यावर ते फार काटेकोर. सासूबाईंनी दार उघडून एक शब्दही न बोलता साबण लावलेलं मांजर त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. सासूबाई मराठीत “मान धरा, मान” म्हणत होत्या, हेर क्नाप जर्मनमध्ये चकलीला समजावत होते, आणि दोघांनी मिळून तिला तीनदा स्वच्छ धुतलं होतं.

चकली टॉवेलात मुंगसाएवढी दिसत होती. तिच्या पंजाला झटके येत होते. सासूबाईंनी तिला माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मला जास्त लागलं.

दवाखान्यातल्या बाईंनी या वेळी काहीच विचारलं नाही. नाव त्यांना पाठ झालं होतं. चकलीला सलाइन लावलं, झटके थांबवायचं औषध दिलं आणि डॉक्टर म्हणाल्या, “लवकर धुतलंत हे बरं केलंत. उद्यापर्यंत ठेवून घेऊ. आज काही सांगता येणार नाही.”

दुपारी तीनला मी फ्राऊ आयझेलेंना फोन केला. जर्मन वाक्यं आधी कागदावर लिहून काढली होती, क्षमायाचनेची सगळी रूपं तपासून. पहिल्याच वाक्यात कागद बाजूला पडला आणि मी काय झालं ते सरळ सांगून टाकलं. त्यांनी आधी मांजराची चौकशी केली, कुत्र्याची नंतर. 

“चूक माझी आहे, हेर घैसास,” मग त्या म्हणाल्या. “खाली ‘कृपया पान उलटा’ असं लिहायचं राहून गेलं.”

एवढ्या सभ्यपणाने मला आजवर कुणी मूर्ख म्हटलेलं नाही.

संध्याकाळी फ्रिडोलिनला त्याच्या घरी, वरच्या मजल्यावर झोपवायला नेलं. अन्वी त्याच्या सोबतीला थांबली. त्याची गादी धुवायला टाकली. सासूबाई जेवल्या नाहीत. “तेल मीच लावलं ना,” एवढंच म्हणाल्या. “थेंब मी टाकले, आई,” मी म्हणालो. आमचं दोघांचं आजवरचं सगळ्यात लांब संभाषण तेच असावं. कारण त्यानंतर त्या खूप वेळ मिरजेच्या त्यांच्या लहानपणच्या मांजराबद्दल बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो.

सोमवारी मी घरूनच काम करत होतो, म्हणजे लॅपटॉप उघडून फोनकडे बघत होतो. साडेअकराला बेल वाजली. दारात हेर क्नाप, मनगटाला पट्टी.

“माफ करा,” मी घाईने म्हणालो, “कसला आवाज आला का? आम्ही अगदी...”

“नाही,” ते म्हणाले. त्यांनी बूट पायपुसण्यावर जरा जास्तच वेळ पुसले. “सकाळपासून तुमच्याकडून काहीच आवाज येत नाहीये. म्हणून आलो.”

मी त्यांना आत घेतलं. सासूबाईंनी न विचारता चहा टाकला. हेर क्नाप खुर्चीत ताठ बसून आलं घातलेला चहा औषधासारखा पीत होते, तेवढ्यात फोन वाजला. दवाखाना. मी ऐकलं, “दांके, दांके” म्हणत आभार मानले आणि खाली बसलो.

“काय म्हणाले हो?” सासूबाईंनी विचारलं.

“चकलीने सकाळी सगळं खाल्लं. आणि तिथल्या नर्सला चावली. दुपारी न्यायला या म्हणाले.”

“चावली ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग बरी आहे.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हेर क्नापांचा कप पुन्हा भरला. हेर क्नाप माझ्याकडे बघत होते. मी जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी दोनदा मान डोलावली, आपल्या पट्टीकडे पाहिलं आणि दुसरा कप एका दमात संपवला.

गाडीची किल्ली आणतो म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. किल्ली माझ्या हातातच होती.